प्रश्न वाचकांचे : कार्डूनचे सरपण आणि मराठवाड्याचे आभाळ

गेल्या अंकातील जैवइंधनाच्या टिपणात कार्डून या भूमध्यसागरी काटेरी वनस्पतीचा चार ओळींचा उल्लेख होता. इटली आणि स्पेनमध्ये ती कोरडवाहू जमिनीत घेतात, तिच्या बियांचे तेल काढतात आणि वाळलेली झाडे बॉयलरमध्ये जाळतात, एवढेच त्यात म्हटले होते. त्या चार ओळींवर मराठवाड्याच्या बहुतेक जिल्ह्यांतून पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. एकसारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून वाचकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न (केज, जि. बीड) : आमच्या गावात एक प्रतिनिधी येऊन गेले. “कार्डून एकदा लावा आणि दहा वर्षे कापा, ४५० मिलिमीटर पावसात एकरी सहा टन वाळलेला माल येतो आणि तो बांधावरून उचलला जाईल,” असे सांगून ते रोपांसाठी आगाऊ रक्कम मागत आहेत. माझी सहा एकर मध्यम ते भारी जमीन असून विहिरीला जानेवारीपर्यंत पाणी असते. हे आकडे खरे मानावेत काय?

उत्तर : प्रतिनिधींनी हे आकडे मनाने रचलेले नाहीत. माद्रिदच्या तांत्रिक विद्यापीठात १९८० च्या दशकापासून या पिकाचा इंधनासाठी अभ्यास झाला आहे, आणि वर्षाला ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस मिळाला तर हेक्टरी १० ते २० टन, म्हणजे एकरी ४ ते ८ टन, कोरडा जैवभार मिळू शकतो असे तिकडच्या प्रयोगांतून दिसले आहे. पहिल्या वर्षी उत्पादन कमी असते आणि कोरड्या वर्षी ते बरेच खाली येते, हेही त्याच प्रयोगांत दिसते. मात्र तो ४५० मिलिमीटर पाऊस कोणत्या महिन्यांत पडतो, हे आपल्याला सांगितले गेलेले दिसत नाही, आणि या पिकाच्या बाबतीत तोच प्रश्न पहिला विचारायला हवा.

भूमध्य समुद्राच्या काठी पाऊस ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत पडतो आणि जून ते ऑगस्ट हा काळ कोरडा जातो. कार्डूनचे सारे आयुष्य या वेळापत्रकावर बेतलेले आहे. शरदातल्या पहिल्या पावसाने जमिनीतील गड्ड्यावरचे डोळे फुटतात, हिवाळाभर पानांचा मोठा चक्राकार पसारा जमिनीलगत वाढतो, वसंतात त्यातून दोन मीटर किंवा त्याहून उंच दांडा वर येतो, जूनच्या सुमारास जांभळी फुले उमलतात, आणि ऑगस्टपर्यंत बी भरून सगळे झाड उभ्यानेच वाळते. त्या वेळी त्यात १० ते १५ टक्केच ओलावा राहिलेला असतो, त्यामुळे कापलेला माल वाळवण्याचा खर्च पडत नाही. वरचा भाग मेला तरी मूळ जिवंत असते. ते उन्हाळा झोपून काढते आणि पुढच्या शरदात पुन्हा फुटते. दहा वर्षांची हमी या झोपेवर उभी आहे.

आता हेच वेळापत्रक केजच्या शिवारावर ठेवून पाहावे. मराठवाड्याचा सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे कागदावर तो स्पेनच्या कोरडवाहू भागापेक्षा सरसच दिसतो. पण त्यातला चार-पंचमांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि हे महिने कार्डूनच्या झोपेचे आहेत. कोरड्या, भुसभुशीत मातीत उन्हाळा काढण्याची सवय असलेले मूळ आपल्या काळ्या जमिनीत ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस चिखलात उभे राहील, आणि अशा स्थितीत ते कुजण्याची भीती फार मोठी आहे. त्याआधी एप्रिल-मे महिन्यांत ४२ अंशांच्या उन्हात याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगा बहुवार्षिक पिकाच्या मुळांना तोडत जातात. तूर किंवा कापूस या भेगांच्या तडाख्यातून सुटतो, कारण तोवर त्याचे आयुष्य संपलेले असते.

बहुवार्षिकाचा हट्ट सोडून कार्डून ऑक्टोबरात रब्बी पिकासारखे पेरले, तर काय होईल, याचा साधा हिशेब मांडता येतो. ४५० मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी ४५ लाख लिटर पाणी. त्यावर तिकडच्या खालच्या आकड्याइतका, १० टन, कोरडा माल आला, तर एका किलोमागे ४५० लिटर पाणी लागले. आपल्याकडे पावसाळ्यानंतर पाऊस जवळपास थांबतो आणि पीक जमिनीतील ओलीवर जगते. एक मीटर खोल भारी काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असे साधारण २०० मिलिमीटर पाणी साठते, म्हणजे त्याच हिशेबाने हेक्टरी साडेचार टन, एकरी पावणेदोन ते दोन टन. आपली जमीन मध्यम असेल तर ओलही कमी, आणि मार्चमधली आपली हवा तिकडच्या मेपेक्षा तापट असल्यामुळे प्रत्येक किलोला पाणी अधिक लागेल, म्हणून दोन टनांहून अधिक धरू नये. किलोला तीन रुपये भाव धरला, तरी एकरी सहा हजार रुपये होतात; त्यातून कापणी, बांधणी आणि वाहतूक वजा जायची आहे. विहिरीचे पाणी देऊन हा आकडा वाढवता येईल, पण जानेवारीपर्यंतचे पाणी हाताशी असताना ते हरभरा आणि भाजीपाल्याऐवजी सरपणाला घालणे मला तरी समजू शकत नाही.

आणखी एक अडचण आहे. हे झाड फुलावर येण्यासाठी हिवाळ्यात पुरेशी थंडी आणि नंतर लांब दिवस मागते. कार्डून घेतले जाते ते इटलीचे सार्डिनिया बेट ४० अक्षांशांच्या आसपास आहे आणि तेथे जूनचा दिवस १५ तासांचा असतो. आपल्याकडे तो सव्वातेरा तासांच्या पुढे जात नाही, आणि दिवस लांबतात तेव्हा ऊन इतके असते की पीक त्याचा लाभ घेऊ शकत नाही. दांडा आलाच नाही, तर हाती नुसता पानांचा पसारा राहतो, बी मिळत नाही आणि उभ्याने वाळण्याचा फायदाही जातो. अमेरिकेच्या उष्ण वाळवंटी भागात याच जातीतल्या आर्टिचोकला (कळीसाठी घेतली जाणारी भाजी) फुलावर आणण्यासाठी जिब्रेलिक आम्ल या वनस्पती-संप्रेरकाची फवारणी करतात. सरपणाच्या पिकाला तो खर्च कधीच परवडणार नाही.

आगाऊ रक्कम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रतिनिधींकडे बियाण्याचा आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र मागावे. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परदेशी बियाण्याला ते लागतात. मग आपल्यासारख्याच जमिनीवर, याच पावसात, किमान दोन पावसाळे काढलेले शेत कोठे आहे, ते प्रत्यक्ष दाखवावे असे म्हणावे. जैवइंधनासाठी गाजलेल्या मोगली एरंडाची (जट्रोफाची) आठवण अजून फार जुनी झालेली नाही. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने पडीक जमिनींवर त्याची मोठी लागवड सुचवली, २००९ च्या राष्ट्रीय धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के जैवइंधन मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले गेले, आणि बी मात्र अपेक्षेच्या जवळपासही आले नाही, कारण पडीक जमिनीवर झाड जगते म्हणजे ते तेथे पिकते, असा अर्थ सर्वांनी गृहीत धरला होता. कार्डूनच्या बाबतीत ‘कमी पाण्यावर येते’ या वाक्यात तसाच एक गृहीत अर्थ दडलेला आहे.

प्रश्न (उदगीर, जि. लातूर) : आर्टिचोक, कार्डून आणि हाथीचक ही एकाच झाडाची नावे आहेत काय? आर्टिचोक हॉटेलांना विकून उरलेले झाड इंधनाला देता येईल, असे मनात आहे.

उत्तर : आर्टिचोक आणि लागवडीचे कार्डून ही एकाच जातीची, सिनारा कार्डन्क्युलस हिची, दोन रूपे आहेत, तिसरे रूप म्हणजे रानटी कार्डून. आर्टिचोकमध्ये न उमललेली मोठी कळी खातात, तर कार्डूनमध्ये पानांचे जाड देठ झाकून पांढरे आणि कमी कडू करून भाजीला घेतात. इंधनासाठी ज्याची चर्चा होते ते कार्डून, कारण ते उंच, काटक आणि भरपूर बी देणारे आहे. हाथीचक हे नाव उत्तरेत आर्टिचोकला आणि जेरुसलेम आर्टिचोकलाही सर्रास लावतात, त्यामुळे घोटाळा होतो. जेरुसलेम आर्टिचोक ही सूर्यफुलाची बहीण असून तिचे जमिनीतले कंद खातात, आणि तिचा जेरुसलेमशी काही संबंध नाही, खऱ्या आर्टिचोकशीही जवळचे नाते नाही.

आपला बेत ऐकायला चांगला आहे, पण एका झाडाकडून दोन विरुद्ध गोष्टी मागणारा आहे. कळी भाजीला घ्यायची तर ती कोवळी असताना तोडावी लागते, आणि तशी तोडली की बी नाही, तेल नाही, आणि झाड हिरवे असल्यामुळे इंधनही नाही. युरोपातही आर्टिचोकच्या उद्योगात जैवभाराचा विचार होतो, तो डबाबंद करताना निघणाऱ्या पाकळ्या, देठ आणि पानांचा. कळीच्या वजनाचा निम्म्याहून बराच जास्त भाग असा टाकाऊ निघतो; त्यातून इन्युलिन आणि क्लोरोजेनिक आम्ल काढतात किंवा तो जनावरांना घालतात. ओल्या मालाला चूल हे योग्य ठिकाण नव्हे.

प्रश्न (परळी वैजनाथ, जि. बीड) : कार्डून औष्णिक केंद्राच्या किंवा साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये कोळशाऐवजी चालेल काय? त्यात उष्णता किती असते?

उत्तर : उष्णतेच्या दृष्टीने चालेल. वाळलेल्या कार्डूनच्या एका किलोत साधारण १६ मेगाज्यूल, म्हणजे ३,८०० किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा असते. आपल्या वीजकेंद्रांत येणाऱ्या देशी कोळशाची प्रतही पुष्कळदा याच पातळीवर असते. अडचण उष्णतेत नसून राखेत आणि आकारमानात आहे.

लाकडात राख एक टक्क्याच्या आसपास निघते, उसाच्या बगॅसमध्ये (चोथ्यात) दोन-तीन टक्के, आणि कार्डूनमध्ये मात्र ५ ते १० टक्क्यांपर्यंत, पानांचा भाग जास्त असला आणि माती चिकटून आली तर त्याहूनही जास्त. या राखेत पोटॅश, सोडियम आणि क्लोरीन बरेच असल्यामुळे ती कमी तापमानाला वितळते, जाळीवर क्लिंकरचे दगड बनतात, वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरच्या नळ्यांवर थर बसतो आणि क्लोरीनमुळे नळ्या गंजतात. म्हणून असा माल एकट्याने न जाळता कोळशात किंवा लाकडात थोड्या प्रमाणात मिसळतात. पाने शेतातच गळू दिली आणि दांडे व फुलांची बोंडे तेवढी उचलली, तर राख कमी होते आणि पोटॅश जमिनीला परत मिळते. हा नियम आपल्याकडच्या प्रत्येक काडाला लागू आहे.

आकारमानाचा प्रश्न परळीकरांना आकड्यात सांगितलेला बरा. एक मेगावॅटचे छोटे केंद्र वर्षाला ७,००० तास चालवायचे आणि त्याची कार्यक्षमता २२ टक्के धरायची, तर त्याला सुमारे ७,००० टन कोरडा माल लागतो. स्पेनच्या प्रयोगांतल्या खालच्या आकड्याने, हेक्टरी १० टनांनी, हा माल ७०० हेक्टरांवर येईल. वर काढलेल्या आपल्या साडेचार टनांनी त्याला सुमारे १,५५० हेक्टर, म्हणजे ३,८०० एकर लागतील. एका मेगावॅटसाठी कित्येक गावांची शिवारे अशा पिकाखाली घालायची, आणि तो माल ट्रॅक्टरने आणायचा. सुटे काड इतके हलके असते की दहा टनांच्या गाडीत दोन-तीन टनांवर मावत नाही. गाठी बांधल्या किंवा पेलेट (भुगा दाबून केलेल्या छोट्या कांड्या) केल्या तर मावते, पण मग त्याचा खर्च वाढतो.

एक गोष्ट कार्डूनच्या बाजूने सांगायला हवी. आपल्याकडे ते वाळलेच, तर एप्रिल-मेमध्ये वाळेल, आणि त्याच सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम संपून सहवीज प्रकल्पांना बगॅस उरत नाही. परंतु औष्णिक वीज म्हटले की पाणी आलेच. परळीचे केंद्र २०१५ साली बंद ठेवावे लागले ते कोळशाअभावी नव्हे, पाण्याअभावी, हे आपण जवळून पाहिले आहे. शेतातही पाणी आणि केंद्रातही पाणी मागणारी वीज मराठवाड्यात काढण्यापेक्षा या काडाचे पेलेट करून ते गूळ, वीटभट्टी किंवा कापड-प्रक्रियेच्या उष्णतेसाठी वापरणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : मी रसायन अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. कार्डूनपासून प्लास्टिक बनते असे वाचले. इंधनापेक्षा हा मार्ग आपल्या औद्योगिक वसाहतींना अधिक लाभदायक ठरणार नाही काय?

उत्तर : प्रश्न योग्य दिशेने आहे, कारण कार्डूनची खरी कथा चुलीपेक्षा घाण्याकडे अधिक झुकते. सार्डिनियातील पोर्तो तोर्रेस येथे पूर्वीचा खनिज तेलाधारित रसायन उद्योग उतरणीला लागल्यावर नोव्हामोंत आणि व्हर्सालिस या दोन इटालियन कंपन्यांनी २०११ साली मात्रिका नावाची संयुक्त कंपनी काढली आणि वनस्पती तेलांपासून रसायने बनवण्याचा प्रकल्प उभारला. त्याला स्थानिक तेल मिळावे म्हणून बेटावरच्या कोरडवाहू जमिनीत कार्डून घेण्यास सुरुवात झाली. तेथील मांडणी अशी की बियांचे तेल रसायनांना, पेंड मेंढ्यांना आणि दांडे उष्णतेला. झाडाचा कोणताही भाग वाया जाऊ नये, आणि सर्वांत स्वस्त भाग सर्वांत शेवटी जाळावा, ही ती कल्पना आहे.

रसायन आपल्याला चटकन कळेल. ओलेइक आम्लाच्या साखळीत १८ कार्बन आणि बरोबर मध्ये एक दुहेरी बंध असतो. ऑक्सिडीकरणाने तो तोडला की नऊ-नऊ कार्बनांचे दोन तुकडे पडतात : अॅझेलेइक आम्ल आणि पेलार्गोनिक आम्ल. पहिले विघटनशील प्लास्टिक, प्लास्टिक मऊ करणारे पदार्थ आणि सौंदर्यप्रसाधने यांत जाते, तर दुसरे वंगणांत आणि तणनाशकात. कार्डूनच्या तेलात मात्र ओलेइक साधारण चौथा हिस्साच असते आणि लिनोलेइक ६० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ठेवण सूर्यफुलासारखी. लिनोलेइकमधूनही अॅझेलेइक मिळते, पण बाकीचे तुकडे लहान पडतात.

येथे मला आपले लक्ष आपल्याच शेताकडे वळवायचे आहे. भट्टीतल्या ऑक्सिजनला ते तेल कोणत्या झाडाचे, याच्याशी काही कर्तव्य नसते. करडई ही कार्डूनची सख्खी म्हणावी इतकी जवळची नातलग आहे. दोघी एकाच कुळातल्या आणि त्या कुळाच्या एकाच गणातल्या, दोघींना काटे, खोल जाणारे सोटमूळ आणि माव्याचा उपद्रव. करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी आपण खातो, तशी ते कार्डूनच्या देठांची खातात. आता तेलाचा हिशेब पाहावा. कार्डूनच्या एकूण कोरड्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा बी आणि त्यात २५ टक्क्यांच्या आसपास तेल धरले, तर स्पेनमध्ये हेक्टरी १० टन माल देणाऱ्या शेतात एक टन बी आणि २५० किलो तेल निघते, म्हणजे एकरी १०० किलो. मराठवाड्यात कोरडवाहू करडई नीट साधली तर एकरी ४ ते ५ क्विंटल येते आणि तिच्यात ३० टक्क्यांच्या आसपास तेल असते. म्हणजे साडेचार महिन्यांत, आपल्याच ओलीवर, एकरी १२० ते १५० किलो. ओलेइक जास्त असलेले करडईचे वाणही भारतात तयार झालेले आहेत. आपल्या वसाहतीत कोणी अॅझेलेइक आम्लाचा कारखाना काढणार असेल, तर त्याने बियाण्यासाठी सार्डिनियाकडे पाहण्यापूर्वी परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील करडई संशोधन केंद्रात एक दिवस घालवावा.

कार्डूनचा एक उपयोग मात्र करडईला जमणारा नाही. त्याच्या फुलातील वाळवलेल्या जांभळ्या तंतूंत दूध गोठवणारे विकर असते. पोर्तुगालचे सेर्रा दा एस्त्रेला हे मेंढीच्या दुधाचे चीज त्यानेच लावतात, त्यामुळे वासराच्या जठरातून काढलेले रेनेट लागत नाही. शाकाहारी ग्राहकांच्या देशात याला गिऱ्हाईक मिळू शकेल. पण त्यासाठी दोन-चार गुंठे पुरतात. त्याला इंधनाचे पीक म्हणता येत नाही.

प्रश्न (कळमनुरी, जि. हिंगोली) : हे झाड गाजर गवतासारखे माजेल काय?

उत्तर : आपल्या हवामानात ते इतके फोफावेल असे वाटत नाही, पण त्याचा इतिहास दुर्लक्षिण्यासारखा नाही. चार्ल्स डार्विन १८३३ साली दक्षिण अमेरिकेत हिंडत होता, तेव्हा युरोपातून गेलेल्या कार्डूनने आजच्या उरुग्वेच्या भागातली शेकडो चौरस मैल जमीन व्यापलेली त्याने पाहिली. माणूस किंवा जनावर त्यातून जाऊ शकत नव्हते असे त्याने नोंदवले आहे. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातही रानटी कार्डूनला तण मानतात. बियांना केसांचा झुपका असतो आणि ते वाऱ्याबरोबर जाते. त्याचा एक देशी नातलग, उंटकटारा, आपल्या माळांवर आधीच आहे, म्हणजे या गणातल्या झाडांना आपली माती परकी नाही. गाजर गवत आल्यानंतर आपण जागे झालो. येथे विलगीकरणाचा नियम आधीच आहे, तो पाळावा.

प्रश्न (जिंतूर, जि. परभणी) : कार्डून नको, हे समजले. पण जैवभाराचे पेलेट करणारा एक छोटा कारखाना आमच्या तालुक्यात सुरू होणार असे ऐकतो. आम्ही त्याला काय देऊ शकतो, आणि त्यासाठी नवे काही पेरावे काय?

उत्तर : नवे काही पेरण्याआधी बांधावर काय जळते ते पाहावे. कापसाच्या पऱ्हाट्या (काही भागांत पळाट्या म्हणतात) हेक्टरी दोन ते तीन टन निघतात आणि त्यांचे उष्णतामूल्य कार्डूनच्या तोडीचे आहे. कार्डूनने आपल्याकडे फार तर साडेचार टन दिले असते आणि त्यासाठी एक पूर्ण हंगाम, आणि बहुवार्षिक ठेवले तर दहा वर्षे, जमीन अडकली असती. पऱ्हाट्या मात्र कापूस घरी आल्यावर वर मिळतात. त्या वेळेवर काढण्याचा आणखी एक लाभ आहे. गुलाबी बोंडअळी न फुटलेल्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते, म्हणून पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नयेत असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. त्या फेब्रुवारीत कारखान्याला गेल्या, तर अळीचे घरच उठते. चिमट्याने उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळाशी मातीचे ढेकूळ असते. ते तेथेच आपटून झाडावे, कारण माती म्हणजे राख, आणि राख जास्त निघाली की कारखाना भाव पाडतो.

तुराट्या तर याहून चांगल्या. त्या कठीण, लाकडासारख्या आणि कमी राखेच्या असतात. घरची चूल आणि कुडाची गरज भागवून उरतात त्या द्याव्यात. सोयाबीनचे भुसकट मात्र देऊ नये, असे मी सुचवेन, कारण ते जनावरांना चालते, शेतात कुजवले तर जमिनीला लागते आणि बॉयलरला फारसे आवडत नाही. ज्वारीच्या कडब्याबद्दल बोलायलाच नको. ज्या भागात उन्हाळ्यात कडब्याची पेंढी शोधत हिंडावे लागते, तेथे तो जाळण्याची भाषा करणाऱ्याला गावातली जनावरेच उत्तर देतील.

यातून सुटते ती करडई, आणि आपल्या प्रश्नाचा उत्तरार्ध तिच्याशीच येऊन थांबतो. काट्यांमुळे करडईचे काड जनावर खात नाही, म्हणून मळणीनंतर ते खळ्याकडेला पेटवून देतात. पहाटे दवाने काटे नरम असताना हाताला फडके गुंडाळून करडई कापणारी माणसे आता मिळत नाहीत, हे तिचे क्षेत्र घटण्याचे एक मोठे कारण आहे. बिनकाट्याचे वाण आणि कंबाइन हार्वेस्टर यांनी ती अडचण बरीच हलकी केली आहे. साधारणपणे करडईत एकूण वजनाच्या चौथ्या हिश्श्याइतके बी आणि बाकी काड असते. एकरी साडेचार क्विंटल बी आले तर काड तेरा क्विंटलांच्या आसपास, दोन्ही मिळून पावणेदोन टन. वर केजच्या वाचकांसाठी काढलेला कार्डूनचा एकरी आकडाही तेवढाच होता, आणि त्यात आश्चर्य नाही, कारण दोन्ही पिकांना जमिनीत तीच २०० मिलिमीटरची ओल आहे. फरक इतकाच की करडईच्या पावणेदोन टनांतले साडेचार क्विंटल आपल्या घाण्यावर जाते, त्याची पेंड म्हशीपुढे जाते, आणि उरलेले काड प्रथमच कोणी विकत मागत आहे.

करार करताना वजन कोणत्या ओलाव्यावर धरणार हे लिहून घ्यावे. १५ टक्क्यांवर ओलावा असलेला माल परत करण्याचा अधिकार कारखाना ठेवेल, तर वजनकाट्याजवळ ओलावा मोजण्याचे यंत्र ठेवण्याची अट आपण घालावी. आणि एक विनंती : यंदाच्या खळ्यावर करडईचे बी आणि काड वेगवेगळे तोलून, जमिनीची खोली आणि पेरणीची तारीख यांसह ते आकडे या सदराकडे पाठवावेत. वरचा चौथ्या हिश्श्याचा अंदाज आपल्या तालुक्यात कितपत टिकतो, ते पुढच्या उन्हाळ्याच्या अंकात छापता येईल.